फटफटीची खांदेमळणी

आमच्या सातारा-कोल्हापूरकडे बेंदूर, इतरत्र पोळा. नाव काही असो, सणाच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला ऊन पाण्याचा शेक द्यायचा आणि हळद-लोणी चोळायचे, हा रिवाज सगळीकडे सारखाच. त्याला खांदेमळणी म्हणतात. वर्षभर ज्या जागी जू बसले ती जागा वर्षातून एकदा तरी धन्याने आपल्या हाताने चाचपून पाहायची. सूज आहे काय, कातडे सोलवटले आहे काय, गाठ धरली आहे काय. मग दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, गोंडे आणि पुरणाची पोळी. क्रम मात्र ठरलेला. आधी खांदा, मग झूल.

माझ्या लहानपणी आमच्या घरी बैल नव्हता. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्याकडे होती एक फटफटी, १९६८ सालची जावा, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. दसऱ्याला आम्ही तिला धुऊन-पुसून झेंडूचा हार घालत असू, हँडलला आंब्याची डहाळी बांधत असू, चाकाखाली लिंबू ठेवत असू. म्हणजे झूल होती, खांदेमळणी नव्हती. त्याची किंमत आमच्या घराने १९८९ साली मोजली. ती हकिगत पुढे येईलच.

ती फटफटी आज माझ्याकडे आहे. यंदा सण अग्रीम हाती पडला त्याच आठवड्यात मिस्त्रीने तिची तपासणी करून एका चिठोऱ्यावर कामांची यादी दिली. बोअर, पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, कोन सेट, ब्रेक लायनर, मागचा टायर, केबली, आणि शेवटी रंगकाम. यादी लांब आणि अग्रीम आखूड. दिव्यांचा सण तोंडावर, घरात मागण्या निराळ्याच. काय आधी करावे आणि काय पुढे ढकलावे, या विवंचनेत एका रात्री झोप येईना, तेव्हा कपाटातली जुनी पुस्तके आणि वडिलांच्या वह्या काढून बसलो. वाचता वाचता ध्यानात आले की हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. चाक फिरू लागल्यापासून तो प्रत्येक चाकवाल्याला पडत आलेला आहे. त्या प्रश्नाचाच हा थोडा इतिहास.

*

फटफटीच्या आधी आपल्याकडे बैलगाडी होती, आणि बैलगाडीलाही ठरावीक वेळचे मोठे काम असे. रोजचे काम वंगणाचे. एरंडेलात काजळी कालवून केलेले वंगण नळकांड्यात भरून गाडीलाच टांगलेले असे. आख कुरकुरू लागला की गाडीवान खाली उतरून तो माखी. मोठे काम धावेचे. लाकडी चाकावरची लोखंडी धाव सैल झाली की लोहार ती काढी, कापून लहान करी, गोवऱ्यांच्या जाळात लालभडक तापवी आणि सांडशीने उचलून चाकावर बसवी. वरून पाणी ओतले की लोखंड आकसे आणि आरे, पाट, तुंबा सगळे एकमेकांत आवळून बसे.

याचे पैसे शेतकरी कुठून देई? रोख देतच नसे. सुतार आणि लोहार हे गावचे बलुतेदार. वर्षभर त्यांनी औत, नांगर, गाडी दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर येऊन आपला धान्याचा वाटा न्यायचा. जातिभेदाचे आणि अन्यायाचे ओझे त्या व्यवस्थेत पुष्कळ होते, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु दुरुस्तीच्या खर्चाच्या दृष्टीने तिच्यात एक शहाणपण होते. धाव केव्हा सैल होईल हे कुणाला सांगता येत नाही, पण ती सैल होणार हे नक्की. म्हणून तिचा खर्च मोडतोड होण्याच्या आधीच, सुगीच्या राशीतून बाजूला निघत असे. पुढे रोखीचा व्यवहार आला, बलुते मोडले आणि ही आधीच बाजूला काढण्याची सवयही त्याबरोबर गेली. यंत्राचे वाहन दारी आले ते नेमके अशा वेळी.

*

पेट्रोल इंजिनाची पहिली दुचाकी जर्मनीतल्या कानस्टाट गावी १८८५ साली झाली. गोटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी लाकडी सांगाड्यात जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन बसवले. तोल सांभाळायला बाजूला दोन छोटी चाके होती. इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नव्हता. एक नळी बाहेरून ज्योतीने तापवून लाल ठेवायची आणि तिच्या धगीने आतला वायू पेटायचा. ही धग स्वाराच्या बैठकीखालीच. डाइम्लरचा मुलगा ती चालवत निघाला तेव्हा बैठकीनेच पेट घेतला, असे सांगतात. म्हणजे फटफटीचा आणि तिच्या दुरुस्तीचा जन्म एकाच दिवशी झाला म्हणायला हरकत नाही.

पुढे १८९४ साली म्युनिचच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फमुलर यांनी विक्रीसाठी अशा गाड्या तयार करायला सुरुवात केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंड-फ्रान्सात त्यांचे पेव फुटले. त्या गाड्या चालवणे हे आजच्यासारखे बसून करण्याचे काम नव्हते. तेलाचेच पाहा. इंजिनातले तेल फिरून परत येण्याची सोय नव्हती. टाकीवर एक हातपंप असे. काही मैल गेले की स्वाराने एक हात सोडून पंप दाबायचा; तेवढे तेल इंजिनात जाई, जळे, गळे, रस्त्यावर सांडे. पंप दाबायला विसरले तर इंजिन जाम, अधिक दाबला तर मागे धुराचा लोट. आजच्या भाषेत बोलायचे तर तेल बदलण्याचे काम दर काही मैलांना चालत्या गाडीवरच होत होते!

आयल ऑफ मॅन या बेटावर १९०७ साली प्रसिद्ध शर्यत सुरू झाली. त्यातल्या दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर हा नॉर्टन गाडीवर पहिला आला. आपल्याला वाटते, शर्यत जिंकणारा म्हणजे वाऱ्यासारखा गेलेला. फाउलर वाटेत थांबत थांबत गेला. प्लग बदलले, पट्टा सावरला, भर वेगात टायर फुटला तो नीट केला, आणि तरीही जिंकला. कारण इतरांचीही तीच गत होती. त्याकाळी उत्तम स्वार तो, ज्याला कमी वेळात गाडी दुरुस्त करता येई.

*

त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत फटफटीवाल्याच्या पंचांगात एक मोठा मुहूर्त असे, कार्बन काढण्याचा. पेट्रोल आणि तेल पुरते जळत नाही; त्याची काजळी सिलिंडरच्या माथ्यावर, पिस्टनवर आणि धूर जाण्याच्या वाटेवर थरावर थर बसते. थर जाड झाला की तो निखाऱ्यासारखा तापून राहतो, वायू वेळेआधीच पेटतो, इंजिन खडखडते आणि चढावर दम टाकते. १९२०-३० च्या सुमारास दोन हजार मैलांच्या आसपास हे काम करावे असा सल्ला असे. म्हणजे रोज नोकरीला जाणाऱ्या माणसावर वर्षातून दोन-तीनदा तरी इंजिन उघडण्याची पाळी येई.

हे काम बहुधा मालक स्वतः, रविवारी, घरच्या अंगणात करी. टाकी उतरवायची, कार्ब्युरेटर आणि धुराची नळी सोडायची, हेड उचलायचे. काजळी खरवडायची ती लाकडाच्या चपट्या काठीने, कारण पोलादी पात्याचा ओरखडा नरम धातूवर कायमचा राहतो. पिस्टनच्या अगदी काठाचा काजळीचा कडा तसाच ठेवावा, त्याने तेल वर चढायचे थांबते, अशी जुन्या जाणत्यांची शिकवण होती. मग व्हॉल्व्ह काढून, बुडाला चूर्ण-तेलाचा लेप लावून, रवी घुसळावी तसे पुढे-मागे फिरवत त्यांची बैठक घासायची. नीट बसले की नाही हे पाहायला वरून पेट्रोल ओतायचे. खाली पाझरले तर पुन्हा घासायचे. तांब्याचे गॅस्केटही नवे आणत नसत. जुनेच लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले की तांबे पुन्हा मऊ होई आणि आणखी एकदा उपयोगी पडे.

या साऱ्या कामाला पैसे जवळजवळ लागत नसत, लागे तो वेळ आणि जीव. गरिबाला परवडण्याची हीच एक वाट होती. जे पैशाने करता येत नाही ते हाताने करायचे.

दुसऱ्या महायुद्धात या हौशी कामाला शिस्त आली. इंग्रजांच्या सैन्यात निरोप्यांसाठी बी.एस.ए. कंपनीची एम-२० ही गाडी होती. सव्वा लाखाच्या आसपास गाड्या त्या काळात निघाल्या. वाळवंटापासून चिखलापर्यंत सगळीकडे त्या धावल्या, आणि निरोप्याला पढवलेले असे की रोज थोडे, आठवड्याला थोडे, असे तपासणीचे काम करीत राहा. साचू देऊ नका. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या आपल्याकडेही विक्रीला आल्या आणि कित्येक गावांनी पाहिलेली पहिली फटफटी ती अशीच, सैन्यातून निवृत्त झालेली होती.

*

स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांची आयात आवळली गेली आणि इथेच गाड्या करण्याचे ठरले. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून बुलेट बाहेर पडू लागली. म्हैसूरला रुस्तुम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर १९६१ पासून जावा काढली. पुढे तिचीच येझदी झाली. १९६२ साली पोलंडच्या गाडीवरून बेतलेली राजदूत आली. आपल्या पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची स्कूटर तयार होऊ लागली.

कारखाने थोडे, परवाने मोजके आणि मागणी अफाट. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणारी माणसे आपण पाहिली आहेत. मुलाच्या जन्मानंतर नंबर लावला आणि मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर गाडी आली, असा विनोद तेव्हा घरोघर होता. नवी मिळत नाही तेव्हा जुनीला जपावे लागते. म्हणून त्या तीस वर्षांत आपल्याकडे दुरुस्तीची एक स्वतंत्र विद्याच उभी राहिली. लिंबाखाली किंवा एस.टी. स्टँडच्या भिंतीला टेकून पत्र्याची टपरी, गोणपाटावर मांडलेले पाने, रॉकेलचे घमेले, आणि कानाला इंजिनाची नाडी कळणारा उस्ताद.

या विद्येतला सगळ्यात मोठा विधी म्हणजे बोअर करणे. पिस्टन वर-खाली धावून धावून सिलिंडर झिजतो, आणि तो सारखा झिजत नाही, एका अंगाने अधिक झिजून लंबगोल होतो. मग गाडी धूर मारते, ओढ जाते. अशा वेळी सिलिंडर फेकून देत नाहीत. आतून कातून पुन्हा गोल करतात आणि साधारण पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन घालतात. पुढच्या खेपेला आणखी पाव. असे तीन-चारदा झाले की भिंत पातळ होते. मग आत नवी नळी ठोकून पुन्हा पहिल्या मापावर यायचे. एकाच गाडीचा जन्म असा अनेकदा होई. ‘गाडी कितव्या बोअरवर आहे?’ हा प्रश्न जुनी गाडी विकत घेताना, स्थळ पाहताना गोत्र विचारावे तसा पहिल्याप्रथम विचारला जाई.

आमच्या जावाची मौज वेगळीच होती. तिला किक मारायची दांडी आणि गियरची दांडी एकच. आत दाबून वर फिरवली की किक, सोडली की गियर. दोन-स्ट्रोकची गाडी, म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, लिटरला चाळीस-पन्नास मिली. ते तेल जळून सायलेन्सरच्या आतली नळी काळ्या डांबरासारख्या थराने भरून जाई. सुट्टीत ती नळी काढून चुलीच्या जाळावर धरणे आणि लाकडी ठोकळ्याने झाडणे हे काम माझे. आई म्हणे, ‘दुसऱ्यांची मुलं सुट्टीत मामाच्या गावाला जातात, आमचा मुलगा सायलेन्सरच्या गावाला जातो!’

*

आता १९८९ ची हकिगत. गाडी फार धूर मारू लागली होती. आईची भिशी उन्हाळ्यात लागली आणि त्या पैशांतून वडिलांनी बोअर करून घेतले, नवा पिस्टन, नव्या रिंगा. उस्तादाने सांगितले होते, ‘गुरुजी, ब्रेकचं लायनर संपत आलंय, तेही करून टाका.’ काम फार पैशांचे नव्हते, पण भिशी संपली होती. वडील म्हणाले, ‘पुढच्या महिन्यात बघू.’ नव्या इंजिनाच्या आनंदात उरलेल्या पैशांतून टाकीला मात्र लाल रंग मारला गेला.

आषाढात पुण्याहून येताना आम्ही खंबाटकीचा घाट चढलो. गाडी अशी काही चढली की वडील मागे वळून मला म्हणाले, ‘बघ, कशी ओढतेय!’ उतार लागला. दोन-स्ट्रोकचे इंजिन उताराला गाडी फारशी धरून ठेवीत नाही. सगळा भार ब्रेकवर. त्यात पाऊस. पुढची एस.टी. वळणावर एकाएकी थांबली. वडिलांनी ब्रेक दाबला, पाय खालपर्यंत गेला, गाडी थांबली नाही. त्यांनी ती डोंगराच्या अंगाला नालीत घातली म्हणून आम्ही वाचलो. मला चार खरचटे पडले. त्यांच्या उजव्या खांद्याचे हाड मोडले. नव्या बोअरच्या इंजिनाला काही म्हणजे काही झाले नाही. नालीत आडवे पडूनसुद्धा ते ऐटीत चालूच होते.

पुढचे दीड-दोन महिने आई रोज संध्याकाळी त्यांच्या पाठीला आणि मानेला ऊन पाण्याचा शेक देई. एक दिवस शेक घेता घेताच ते म्हणाले, ‘हे गाडीला आधी करायला हवं होतं.’ डावा हात नीट वळत नसतानाही त्या हाताने त्यांनी शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहिल्या. अक्षर पहिलीतल्या पोरासारखे, पण मजकूर पक्का. आधी थांबणे. मग वळणे. मग चालणे. शेवटी दिसणे. प्रत्येकापुढे त्या त्या कामांची नावे होती. थांबण्यात लायनर, केबल, टायर. वळण्यात कोन सेट आणि चाकांचे बेअरिंग. चालण्यात तेल, चेन, क्लच, बोअर. दिसण्यात रंग आणि निकेल.

मोठेपणी चे गव्हेराच्या प्रवासाविषयी वाचताना मला ती वही आठवली. १९५२ च्या जानेवारीत तो आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो अर्जेंटिनातून जुन्या नॉर्टनवर निघाले. पैसे नव्हते, गाडी तारांनी बांधून चालत होती. चिलीतल्या एका उतारावर ब्रेकने दगा दिला आणि दोघे गुरांच्या कळपात शिरले, थोडक्यात निभावले. काही दिवसांतच त्या गाडीने तिथेच प्राण सोडला. देश कुठला, माणसे कोण; पण पैसा अपुरा असला की माणूस आधी चालण्याची सोय पाहतो आणि थांबण्याची नंतर, हे सगळीकडे सारखेच.

*

त्यानंतर काळ भराभर बदलला. १९८५ साली हिरो होंडाची चार-स्ट्रोक गाडी आली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, हेच तिच्या जाहिरातीचे सांगणे होते. तेलाचे मिश्रण नको, सायलेन्सर जाळणे नको, लिटरला ऐंशी किलोमीटरची बात. २००० साली देशभर शिशाविना पेट्रोल आले. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली याने इंजिनाचा खडखडाट थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्ती शोधली होती. तिने इंजिने शांत झाली आणि मुलांच्या रक्तात विष गेले. शेवटी २०२१ साली जगातल्या अखेरच्या देशानेही गाड्यांच्या पेट्रोलमधले शिसे बंद केले. तेले सुधारली, धातू सुधारले, आणि कार्बन काढण्याचा मुहूर्त पंचांगातून पुसून गेला. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटरही जवळजवळ गेला. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला होता; जावा हे नाव २०१८ साली परत आले, पण चार-स्ट्रोक होऊन.

मग आजच्या गाडीवाल्याला हा प्रश्न उरलाच नाही काय? उरला आहे, आणि थोडा अवघड झाला आहे. पूर्वी गाडी रोज कुरकुरत असे, म्हणून तिची आठवण राही. आताची गाडी गप्प असते. कंपनीच्या पुस्तकात कामे किलोमीटरवर छापलेली असतात आणि आपला पगार येतो महिन्यावर; या दोन पंचांगांचा मेळ कुणी घालून देत नाही. मोठे काम एकदम समोर येते तेव्हा ते संकट वाटते, वास्तविक ते पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. खळ्यावरच्या राशीतून बलुते आधी निघे, तसा दर महिन्याच्या पगारातून पेट्रोलच्या खर्चाबरोबर एक लहानसा वाटा गाडीच्या डब्यात पडत गेला, तर सणाच्या तोंडावर चिठोरे पाहून झोप उडणार नाही. मी स्वतः हे कधी केले नाही, हे कबूल करतो. यंदापासून डबा केला आहे. त्यावर कन्येने खडूने ‘बलुते’ असे लिहिले आहे.

तिचेच कारण यात खरे. यंदा तिला अठरा पूर्ण झाली, परवाना मिळाला, आणि आजोबांची जावा आपण चालवणार असे तिने जाहीर केले आहे. मिस्त्रीचे चिठोरे घेऊन मी बसलो होतो. मनात बोअर होते. धूर मारणारी गाडी घेऊन मुलगी कॉलेजात जाणार, लोक काय म्हणतील! तिने माझ्या पुढ्यातली आजोबांची वही ओढली, शेवटचे पान पाहिले आणि पेन्सिलने चिठोऱ्यावर आकडे घातले. लायनर एक, टायर दोन, कोन सेट तीन, चेन चार. बोअरपुढे लिहिले, ‘गुढीपाडवा’. रंगकामावर काट मारली.

‘आणि धुराचं काय?’ मी विचारले.

‘सायलेन्सरची नळी मी जाळते की! तुम्ही लहानपणी जाळत होतात ना?’

वसुबारसेला आम्ही गाडी मिस्त्रीकडे पोचवली. धनत्रयोदशीला ती परत येईल. टाकीचा लाल रंग तीन ठिकाणी उडालेला आहे, तो तसाच राहील. वडील आता नाहीत. पण पाडव्याच्या सकाळी ती घाटाकडे पहिली फेरी मारायला निघेल तेव्हा मी मागे बसणार आहे, आणि उतारावर तिच्या खांद्यावर हात ठेवीन.